डावीकडे दोन बोटं उंच

दिवाळी सरली की आंबागडच्या आमच्या रस्त्यावर धानाच्या गाड्या सुरू होतात. आता ट्रॅक्टर जास्त दिसतात, पण मधूनच एखादी जुनी पिकअपही येते. मागच्या डाल्यात पोती रचलेली, पोत्यांवर दोघे-तिघे बसलेले, तोंडाला दुपट्टे बांधलेले. शाळेच्या व्हरांड्यातून तो रस्ता सरळ दिसतो. गाडीत कोणाचं धान चाललं आहे ते लोक पाहतात. मी ड्रायव्हरकडे पाहते. त्याची पाठ टेकली आहे का, तो एका अंगावर कलला आहे का, खड्डा आला की त्याचा चेहरा कसा होतो. गाडी नाल्याच्या उतारावर दिसेनाशी झाली तरी मी तिकडेच पाहत उभी असते. मागे वर्गात पाढे थांबलेले असतात, आणि मुलांना वाटतं, बाई काहीतरी महत्त्वाचं पाहत आहेत.

नऊ हंगाम झाले. दर हंगामात हे असंच होतं. शेवटचं भारी धान निघून बांध्यांमध्ये नुसती धसकटं उरली की जरा कमी होतं. या वर्षी वही घेऊन बसले आहे. लिहून काही होईल असं वाटत नाही, पण न लिहूनही काही झालेलं नाही.

माझे पती वामन आधी मॅंगनीजच्या खाणीवर ट्रक चालवायचे. आणीबाणी उठून दोन वर्षं झाली असतील, तेव्हा त्यांनी ती नोकरी सोडली आणि एका ठेकेदाराने वापरून थकवलेली पिकअप घेतली. हंगामात आजूबाजूच्या गावांतलं धान तुमसरच्या राइस मिलांवर पोचवायचं, एरवी विटा, मोहफुलं, लग्नाचं वऱ्हाड, जे मिळेल ते. मी भंडाऱ्याची, डी.एड. करून इथल्या प्राथमिक शाळेत आलेली. विहारात आमचं लग्न लागलं आणि मी दोन पेट्या पुस्तकं घेऊन या घरात आले. त्या पेट्या उतरवताना ते शेजाऱ्यांना म्हणाले होते, "बाईले नवरा नोहता पाह्यजे, हमाल पाह्यजे होता." सगळं गाव मला बाई म्हणायचं म्हणून घरातही ते मला बाईच म्हणत. थोडं चेष्टेनं, थोडं खरंच.

गाडीचं इंजिन चांगलं होतं. सीट मात्र संपलेली होती. रेक्झिन फाटून काथ्या बाहेर आलेला. दोन स्प्रिंगा तुटलेल्या, त्यातली एक टोक वर काढून बसलेली. टेकायची पाठ म्हणजे पत्र्यावर चिकटवलेला गादीचा पातळ तुकडा. सीट पुढेमागे सरकवायची पट्टी गंजून एकाच जागी अडकली होती. आधीचा ड्रायव्हर उंच असावा. वामन बुटके, क्लच पूर्ण दाबायचा तर त्यांना दर वेळी अख्खं अंग पुढे ढकलावं लागे. आंबागडहून तुमसरला जाईपर्यंत असं किती वेळा होत असेल, ते मी एकदा मोजायला लागले आणि मध्येच सोडून दिलं.

"रस्ता गाडीखालून नाही जात बाई," ते म्हणायचे, "माह्या कंबरीतून जाते."

हलक्या, म्हणजे लवकर निघणाऱ्या धानाची कापणी सुरू होती तेव्हा कंबर दुखायला लागली. कोणालाच त्यात विशेष वाटलं नाही. मिलच्या आवारात गाड्या रिकाम्या व्हायची वाट पाहत ड्रायव्हर लोक झाडाखाली बसायचे, तिथे सुखदेव नावाचा त्यांचा जुना सोबती होता, खाणीपासूनचा. त्याने ऐकलं आणि बिडी झटकली. "वामनभाऊ, ज्याची कंबर दुखत नाही तो ड्रायव्हर नोहे, पॅसेंजर होय." सगळे हसले. प्रत्येकाने आपापल्या कंबरेची गोष्ट सांगितली, आणि प्रत्येकाच्या गोष्टीत दोष सीटचा होता. घरी आल्यावर त्यांनी मला तो विनोद दोनदा सांगितला. दुखण्याला एक पत्ता मिळाला होता आणि आम्हा दोघांनाही त्याने हायसं वाटलं. एकदा पत्ता मिळाला की माणूस दुसऱ्या दारात जाऊन विचारत नाही.

मग उपाय सुरू झाले. पहिलं म्हणजे घडी घातलेलं पोतं. ते टोचायचं. मग सासूबाईंनी, म्हणजे मायने, खळ्यावरून नवं तनीस आणलं. मळून झालेल्या धानाचा पेंढा तो. पिवळा, कोरडा, उन्हाचा वास असलेला. तिने तो पोत्यात ठासून भरला आणि वरून सुतळीने टाके घातले.

"बैल याच्यावर निजते," ती म्हणाली. "त्याची कंबर दुखते का कदी?"

"बैल गाडी चालवत नाही माय, वढते."

"त तू बी वढ. बसून बसून तं दुखून राहिली तुही कंबर."

तनसाची गादी दोन दिवस छान होती. तिसऱ्या दिवशी ती चेपून भाकरीसारखी झाली. चौथ्या दिवशी तिच्यातून उंदराचं एक पिल्लू निघालं आणि तुमसरच्या रेल्वे फाटकापर्यंत आमच्यासोबत आलं. मी त्या दिवशी गाडीत होते. शनिवारी शाळा सकाळची असायची, म्हणून दुपारी मी त्यांच्या शेजारी बसून वाचनालयात पुस्तकं बदलायला जायची. फाटक बंद होतं. ते पिल्लू त्यांच्या मांडीवरून गिअरच्या दांड्यावर चढलं, आणि आम्ही दोघं ओरडायचं सोडून इतके हसलो की मागच्या गाडीवाल्याला हॉर्न वाजवावा लागला. हसता हसता त्यांचा हात कंबरेवर गेला होता, तेही मला आठवतं. तेव्हा पाहिलं होतं, की नंतर आठवणीत भरलं, ते आता सांगता येत नाही.

नंतरची उशी माझी. मायने उन्हाळ्यात वेचून ठेवलेला सावरीचा कापूस होता, तो मी तिच्या जुन्या लुगड्याच्या दुहेरी कापडात भरला. शिवताना तो कापूस नाकात जायचा, केसांत बसायचा. उशी मऊ झाली, पण घसरायची. ब्रेक मारला की उशी आणि ते दोघंही पुढे. मग मी एका मासिकात वाचलं की पंच्याची गुंडाळी करून कंबरेच्या खोलगट भागात ठेवावी. मी ती रोज सकाळी करून द्यायची. "बाईची शाळा आता माह्या पाठीवर भरून राहिली," असं मायला सांगत ते गाडीकडे जायचे. जाताना थोडे वाकडे चालायचे. संध्याकाळी मी मोहाच्या बियांचं तेल कोमट करून चोळून द्यायची. माझ्या हाताखाली ती पाठ असायची, रोज, अर्धा तास. माझे हात तेल जिरलं की नाही एवढंच पाहत होते.

माझ्या चौथीच्या वर्गात मानवी शरीराचा एक तक्ता होता. अजून आहे, कडा फाटल्यात. छडीचं टोक वरून खाली नेत मी मणके दाखवायची. "हा पाठीचा कणा. याच्यामुळे आपण सरळ उभे राहतो." मुलं एका सुरात ते म्हणायची. त्याच संध्याकाळी मी घरी येऊन सावर भरत बसायची. ही दोन चित्रं मी आता शेजारी शेजारी ठेवते, तेव्हा ती एकाच बाईची वाटत नाहीत. वाचणाऱ्या माणसाला वाटतं की आपल्याला सगळं वाचता येतं.

भारी धानाची कापणी सुरू झाली तशा फेऱ्या वाढल्या आणि त्यांना स्टिअरिंगला धरून उतरावं लागू लागलं. सुखदेव म्हणाला, हे घरगुती धंदे सोडा आणि रज्जाकचाचाकडे जा. तुमसरच्या बस स्टँडमागे एका कडुनिंबाखाली रज्जाकचाचांचं दुकान होतं. ट्रकच्या, बसच्या, स्कूटरच्या सीटा, रेक्झिनचे गठ्ठे, काथ्याच्या लडी. पांढरी छोटी दाढी, तोंडात सुई, बोटांना चिकट्याचे डाग. टेप त्यांच्याकडे नव्हताच. ते म्हणायचे, "मैं गाडी का नाप नहीं लेता, आदमी का लेता हूँ."

त्यांची नाप घ्यायची रीत अशी. दोन विटांवर एक पाट ठेवायचा. पाटावर वाटीभर पाणी ठेवून तो सपाट आहे ना ते पाहायचं. मग वाटी काढून त्यावर माणसाला बसवायचं, दोन्ही हात पुढे स्टिअरिंग धरल्यासारखे. चाचा मागे जाऊन उकिडवे बसायचे, पाहत राहायचे, आणि शेवटी माणसाच्या खाली हात सरकवून कुठे किती भार पडतो ते बघायचे. त्या शनिवारी मी पुस्तकांची पिशवी मांडीवर घेऊन बाजूच्या बाकावर होते.

"हिलो मत, वामनभाई. जैसे गाडी में बैठते, वैसे बैठो."

"तसाच तं बसलो."

चाचा बराच वेळ मागून पाहत राहिले. त्यांनी वामनला उठवलं, पाटावर पुन्हा वाटी ठेवली, पाणी पाहिलं, पुन्हा बसवलं. डावीकडून हात घातला. मग म्हणाले, "पाट तो सीधा है. तुम टेढ़े हो."

दुकानातली माणसं हसली. वामन मान न वळवता म्हणाले, "लगन झाल्यापासून आहो चाचा. बाईले विचारा." मग मीही हसले. चाचाही हसले. "इधर दो उंगली हवा है," ते म्हणाले, "बैठते ही नहीं तुम इस तरफ. कोई बात नहीं. इसका इलाज है अपने पास."

दोन दिवसांत सीट तयार झाली. एका जुन्या बसच्या स्प्रिंगा, वर काथ्या, वर गोणपाट, वर कापूस, शेवटी हिरवं रेक्झिन. घासलेट पाजून पाजून त्यांनी ती गंजलेली पट्टीही मोकळी केली आणि सीट चार बोटं पुढे घेतली. पाठीला खालच्या अंगाने हलकासा फुगवटा दिला. आणि डावीकडची बाजू दोन बोटं उंच. बाहेरून पाहिलं तर कोणाला कळणार नाही, पण बसलं की कळे.

वामन पहिल्यांदा बसले आणि त्यांनी डोळे मिटले. मग म्हणाले, "बाई, आता आपल्यालेही ऑफिस भेटलं."

पुढचे दोन महिने मला त्या हंगामातले सर्वांत स्वच्छ आठवतात. ते शीळ घालत घरी यायचे. पंच्याची गुंडाळी नको म्हणाले, तेलही नको. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धानाच्या पेंढ्यांची पुंजणी उभी असायची, हवेत कोंड्याची बारीक धूळ, थंडीचं ऊन काचेतून मांडीवर. मी शेजारी बसून वाचायचा प्रयत्न करायची. ओळी उड्या मारायच्या, एकच वाक्य चारदा वाचावं लागे. मिलच्या आवारात ते सगळ्यांना सीटवर बसून पाहायला लावत. लोक बसत आणि लगेच उतरत. "वाकडी हाय ना बे," सुखदेव म्हणाला. "मले तं पडल्यासारखं वाटते." वामनना त्याचा अभिमान वाटे. "माह्या नापाची आहे ते. तुमच्या काय कामाची?"

दुखणं थांबलं, असं आम्ही धरून चाललो. मीसुद्धा. रज्जाकचाचांनी त्यांच्या शरीराचा वाकडेपणा बोटाने मोजून, काथ्याने भरून, हिरव्या रेक्झिनखाली झाकून टाकला होता, आणि आम्ही त्याला आराम म्हणत होतो. आरामच होता तो. हेच मला आजवर कुठे ठेवता आलेलं नाही. तो आराम खोटा असता तर मी त्याच्यावर रागावू शकले असते.

हंगाम उतरणीला लागला होता. एका दुपारी ते गाडीतून उतरून अंगणात आले, आणि मायने सुपातून मान वर केली. "एक पाय अनवानी काहून रे? चप्पल कोठी टाकून आला?"

त्यांनी खाली पाहिलं. डाव्या पायात चप्पल नव्हती. अंगणातली खडी तुडवत ते आले होते. "हे तं मले मालूमच नाही," ते म्हणाले.

माय हसली. "उद्या डोकं इसरून येशील." मी जाऊन पाहिलं तर चप्पल क्लचखाली पडलेली होती. घेऊन आले तेव्हा ते ओट्यावर बसून स्वतःची बोटं दाबत होते. हळू आवाजात म्हणाले, "बाई, चिमटा घे इथं."

मी घेतला.

"घे न."

"घेतला."

ते माझ्याकडे पाहत राहिले. मी आणखी जोराने घेतला, नख उमटेपर्यंत. ते अजून वाटच पाहत होते.

आधी भंडाऱ्याला दाखवलं. तिथून नागपूरला न्यायला सांगितलं. गाडी आमचीच, चालवायला सुखदेव, मी मागे डाल्यात मायजवळ. शहापूर ओलांडता ओलांडता गाडी कडेला थांबली. काय झालं म्हणून मी उतरून पुढे गेले. वामन सुखदेवला म्हणत होते, "थोडं मले बसू दे तिथं."

"भाऊ, पाय कुठी चालून राहिला तुमचा?"

"चालवत नाही. नुसता बसतो."

आम्ही दोघांनी धरून त्यांना फिरवून ड्रायव्हरच्या जागी बसवलं. इंजिन बंद होतं. बाजूने हायवेचे ट्रक जात होते आणि प्रत्येक ट्रकबरोबर आमची गाडी हलत होती. ते स्टिअरिंगवर हात ठेवून, पाठ टेकून बसले. चेहरा सैल झाला. "इथं दुखत नाही," ते म्हणाले. सुखदेव रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला. नागपूरला उशीर होत होता, पण चला म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

नागपूरच्या डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो उजेडासमोर धरला. मणक्यात गाठ होती, आणि तिचं मूळ दुसरीकडे कुठेतरी असावं, असं ते म्हणाले. त्यांनी विचारलं, किती दिवसांपासून दुखतं? मला तारखा आठवेनात. मला पोतं आठवलं, तनीस आठवलं, सावर आठवली. तसं मोजत मोजत मी महिने सांगितले. "मध्ये कमी झालं होतं का?" मी म्हटलं, "हो, दोन महिने. सीट चांगली करून घेतली होती." त्यांनी लिहिता लिहिता वर पाहिलं.

नंतर मी एकटी त्यांना व्हरांड्यात गाठलं. "दोन-तीन महिने आधी आणलं असतं तर?" ते भले गृहस्थ होते. चष्मा काढून त्यांनी काचा पुसल्या. "आता ते कोण सांगणार, बाई? कदाचित काही झालं असतं. कदाचित नसतं झालं."

उन्हाळा सरायच्या आत वामन गेले. त्या शेवटच्या महिन्यांबद्दल मी लिहिणार नाही. माझ्याकडे शब्द नाहीत असं नाही. ते माझ्यापुरते आहेत.

पुढच्या दिवाळीआधी शहापूरच्या एका भाजीवाल्याने गाडी घेतली. मी शाळेत होते, सुखदेवने सगळं पाहिलं. गाडी गेली त्या संध्याकाळी मायने अंगणातल्या चाकांच्या खुणा झाडून काढल्या.

महिनाभराने एका दुपारी शाळेच्या दाराशी रज्जाकचाचा उभे होते. ते तुमसरहून बसने आले होते. मी मुलांना शुद्धलेखन दिलं आणि बाहेर आले. पाणी दिलं. ते व्हरांड्याच्या पायरीवर बसले, पेला हातातच राहिला.

"बाई, वो शहापूरवाला आया था. बोलता है सीट टेढ़ी है, कमर मर गई उसकी. बोलता है, सीधी कर दो. मैंने बोला, पूछके आता हूँ."

"मला कशाला विचारायचं चाचा? गाडी त्याची आहे. करा सरळ."

"हाँ. वो तो है."

पण ते उठले नाहीत. रस्त्यावरून धानाची एक बैलबंडी चालली होती, ती जाईपर्यंत तिच्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "उस दिन मैं हँसा था."

"आपण सगळेच हसलो होतो."

"तुम लोग हँसे, ठीक है. मेरा हाथ नीचे था ना, बाई. जिंदगीभर लोगों को बिठाया हूँ पाट पे. मेरे हाथ को मालूम पड़ा था, ये बैठने की आदत नहीं है. ये कुछ और है. फिर भी मैंने क्या किया? काथ्या भर दिया." त्यांनी पेला खाली ठेवला. "मैं उस दिन बोलता, वामनभाई, सीट बाद में, पहले डागदर को दिखाओ, तो बच जाते क्या?"

ते माझ्याकडे असे पाहत होते जसं वर्गातलं मूल पाहतं, ज्याला वाटतं बाईंना उत्तर ठाऊक आहे.

"नाही," मी म्हटलं. "मी विचारलं होतं डॉक्टरांना. ते म्हणाले, कितीही आधी आणलं असतं तरी काहीच करता आलं नसतं."

"साफ बोले?"

"साफ बोलले."

त्यांनी दोन्ही हातांनी चेहरा पुसला. बराच वेळ पुसत राहिले. मग विचारलं, "और वो दो महीने? आराम तो था ना?"

"होता," मी म्हटलं. "खूप होता." एवढं तरी खरं होतं.

चारच्या बसने ते परत गेले. वर्गात आले तर मुलांचं शुद्धलेखन कधीच संपलं होतं, आणि ती गप्प बसून माझी वाट पाहत होती. त्यानंतर कितीतरी वेळा मी ते वाक्य स्वतःला सांगून पाहिलं आहे, त्याच आवाजात, तेच शब्द. ते मला लागू पडत नाही. ते बनवताना मी स्वतःला पाहिलं आहे.

तीन वर्षांपूर्वी रज्जाकचाचा वारले. तोवर या जगात निदान एक माणूस असा होता, ज्याला पक्कं ठाऊक होतं की वामनसाठी काहीच करता आलं नसतं. आता तोही नाही.